समुद्रापलीकडचा नाका आणि छोटा मालक

सकाळी सात-साडेसातला कोणत्याही शहरातल्या कामगार नाक्यावर जाऊन पाहावे. थापी आणि ओळंबा घेतलेले गवंडी, ब्रश घेऊन आलेले रंगारी, पाटी-फावडे घेतलेल्या बिगारी बाया तेथे ताटकळत उभ्या असतात. कंत्राटदार येतो, दोघा-चौघांना न्याहाळतो, दर विचारतो, थोडी घासाघीस होते आणि माणसे टेम्पोत चढतात. ज्याला काम मिळाले त्याची त्या दिवसाची चूल पेटली. ज्याला मिळाले नाही तो डबा न उघडताच घरी परततो. हा नाका आपल्यापैकी अनेकांच्या आई-वडिलांनी अनुभवलेला आहे.

आता असा एक नाका डोळ्यांसमोर आणा, की जेथे मालक अमेरिकेत बसला आहे आणि कामगार फिलिपाइन्समध्ये, बांगलादेशात किंवा आपल्या नागपुरात बसला आहे. दोघांनी एकमेकांना कधी प्रत्यक्ष पाहिलेले नाही, पुढेही पाहण्याची शक्यता नाही. टेम्पो नाही, हजेरीचे पुस्तक नाही, संध्याकाळी हातावर मोजून ठेवलेली मजुरी नाही. तरीही काम ठरते, काम होते आणि पैसेही मिळतात. कधी कधी मिळत नाहीत! वाचकहो, ही कल्पना नाही. गेल्या पंचवीस वर्षांत असा नाका खरोखर उभा राहिला आहे. त्यावर उभे राहणाऱ्यांना ‘फ्रीलान्सर’ म्हणतात, म्हणजे कोणाच्याही कायम नोकरीत नसलेले, सुटे काम घेणारे लोक.

या विषयावर आपल्याकडे लिहिले जाते ते बहुधा ‘घरबसल्या डॉलर कमवा’ अशा थाटाचे असते. आज आपण नाण्याची दुसरी बाजू पाहू. जो काम देतो त्याची, म्हणजे छोट्या मालकाची. कारण मालक कोठे चुकतो हे कळल्याशिवाय कामगार कोठे नाडला जातो हेही कळणार नाही.

दोन मित्रांची अडचण

हा नाका कसा उभा राहिला हे पाहण्यासारखे आहे. १९९९ साली अमेरिकेत ‘ईलान्स’ नावाची कंपनी निघाली. पुढे २००३ मध्ये ‘ओडेस्क’ निघाली, तिचे मूळ दोन ग्रीक मित्रांच्या अडचणीत होते. एक मित्र कॅलिफोर्नियात, दुसरा अथेन्समध्ये. दोघांना एकत्र काम करायचे होते. पण हजारो मैलांवर बसलेला माणूस खरोखर काम करतो आहे की नाही, हे समजणार कसे? त्यावर त्यांनी दूरचे काम दाखवणारी व मोजणारी एक संगणकीय व्यवस्थाच तयार केली, आणि तोच त्यांचा धंदा झाला. २०१३ च्या अखेरीस या दोन्ही कंपन्यांनी एकत्र येण्याचे जाहीर केले आणि २०१५ मध्ये ‘अपवर्क’ हे नाव घेतले. दरम्यान २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात ‘फ्रीलान्सर’ आणि २०१० मध्ये इस्रायलमध्ये ‘फायव्हर’ ही संकेतस्थळे निघाली.

या व्यवहाराच्या मुळाशी काय आहे ते पाहा. संगणकाची कमतरता ही अडचण नव्हतीच. अडचण होती विश्वासाची. दूरच्या माणसावर विश्वास कसा ठेवायचा, हा प्रश्न त्या दोन मित्रांपुढे होता आणि तोच प्रश्न आजही प्रत्येक छोट्या मालकापुढे आहे.

ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ पासून अशा ऑनलाइन कामांची मोजदाद सुरू केली. तीत काम देणाऱ्यांत अमेरिका सर्वांत पुढे दिसली आणि काम करणाऱ्यांत भारत. तेव्हा हा विषय आपल्यापासून दूरचा आहे असे कोणी समजू नये.

मेणबत्त्यांचे दुकान

समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. अमेरिकेतील ओहायो राज्यात एक बाई घरी सुगंधी मेणबत्त्या बनवते आणि इंटरनेटवरून विकते. कामाला नवरा-बायको दोघेच. दिवसा मेण वितळवायचे, साच्यात ओतायचे, खोकी बांधायची. रात्री ग्राहकांच्या पत्रांना उत्तरे द्यायची, हिशेब लिहायचा, नव्या मालाची छायाचित्रे साफ करून दुकानाच्या पानावर चढवायची. रात्रीचे बारा वाजतात. मुलगा झोपून जातो, त्याच्याशी दोन शब्दही बोलणे होत नाही. गावातच हिशेबनीस ठेवावा तर त्याचा पगार परवडत नाही. मग कोणीतरी सांगते, ‘अगं, फिलिपाइन्समधली मुले उत्तम इंग्रजी बोलतात. तासाला चार-पाच डॉलरमध्ये तयार होतात.’

यात खोटे काही नाही. फिलिपाइन्सवर १८९८ पासून १९४६ पर्यंत अमेरिकेचा अंमल होता. मधली जपानी ताब्याची वर्षे सोडली तर जवळजवळ अर्धे शतक शाळेत इंग्रजीच चालली, आणि आजही ती तेथे राजभाषा आहे. शिवाय घड्याळाचीही एक गंमत आहे. उन्हाळ्यात ओहायोत रात्रीचे नऊ वाजले की फिलिपाइन्सच्या सेबू शहरात सकाळचे नऊ वाजलेले असतात. मालकीण झोपायला जाते तेव्हा कामगार कामाला बसते. मालकीण उठते तेव्हा काम झालेले असते!

म्हणून आपली ही दुकानवाली जाहिरात टाकते. ‘ऑनलाइन दुकानासाठी मदतनीस पाहिजे. मेहनती असावी. दर कमी असावा.’ रात्रीतून ढीगभर अर्ज येतात. पहिली चूक येथेच होऊन गेली आहे, पण ती तिला अजून कळलेली नाही.

स्वस्त दर, महाग काम

ती सर्वांत कमी दराचा अर्ज निवडते, तासाला चार डॉलर. दोनशे छायाचित्रांची पार्श्वभूमी साफ करण्याचे काम देते. त्याला तीस तास लागतात, म्हणजे १२० डॉलर होतात. त्यातली निम्मी छायाचित्रे पुन्हा करावी लागतात आणि त्यासाठी तिच्याच दोन रात्री जातात. यादीत एकीने नऊ डॉलर दर मागितला होता. तिने हेच काम दहा तासांत केले असते तर ९० डॉलरच झाले असते. म्हणजे जो दर दुप्पट वाटला तोच स्वस्त होता.

आपल्याकडे घर बांधणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. कच्चा गवंडी रोजाला स्वस्त पडतो, पण भिंत ओळंब्यात नसली तर पाडून पुन्हा बांधावी लागते. परदेशातील कामगाराच्या बाबतीत मात्र शहाणी माणसेही हे विसरतात. कारण तेथे दर डोळ्यांना दिसतो, भिंत दिसत नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२१ मध्ये या कामांविषयी मोठा अहवाल काढला. इंटरनेटवर काम करणाऱ्यांची सरासरी कमाई तासाला ३.४ डॉलर आहे आणि निम्म्या लोकांना २.१ डॉलरहूनही कमी मिळतात, असे त्यात आढळले. आणखी एक गोष्ट त्या अहवालात आहे, ती प्रत्येक मालकाने वाचावी अशी आहे. असा कामगार आठवड्याला सरासरी २७ तास राबतो, त्यातील सुमारे ८ तासांचे त्याला काहीच मिळत नाही. ते तास काम शोधण्यात, अर्ज लिहिण्यात, फुकट नमुने करून देण्यात जातात. नाक्यावर ताटकळत उभे राहण्याचीच ही वेळ झाली, फक्त ती कोणाला दिसत नाही. तेव्हा तासाला चार डॉलर असे जे आपण म्हणतो, ते त्याच्या घरी पोचेपर्यंत चार उरत नाहीत.

काम सांगणे हेही एक काम

मग दुकानवालीने काय करायला हवे होते? प्रथम काम नीट लिहून काढायला हवे होते. ‘मेहनती असावी’ हे कामाचे वर्णन नव्हे. ‘दोनशे छायाचित्रे आहेत. प्रत्येकाची पार्श्वभूमी पांढरी हवी. मेणबत्ती मधोमध असावी. नमुन्यासाठी आमचीच तीन छायाचित्रे सोबत जोडली आहेत. काम शुक्रवारपर्यंत हवे,’ हे कामाचे वर्णन झाले. शेजारी बसलेल्या नोकराला आपण बोटाने दाखवू शकतो, त्याने चुकले तर तेथल्या तेथे थांबवू शकतो. समुद्रापलीकडे बोट पोचत नाही. तेथे लिहिलेला शब्दच पोचतो.

दुसरे म्हणजे एकदम मोठे काम न देता तिघांना एकच छोटे काम, दहा छायाचित्रांचे, द्यायला हवे होते. आणि त्याचे पैसे तिघांनाही द्यायला हवेत. पुष्कळ मालक ‘नमुना’ म्हणून फुकट काम करून घेतात. पाच जणांकडून पाच नमुने घेतले की त्यांचे काम परस्पर उरकतेही! ही सरळसरळ वेठबिगार आहे, मग ती संगणकावर का असेना. दहा छायाचित्रांचे चार-पाच डॉलर देऊन ज्या मालकाला माणसाची पारख करता येते, त्याचे पुढचे शेकडो डॉलर वाचतात.

पैसा कोणाच्या हातात?

आता पैशाचा व्यवहार पाहू. या संकेतस्थळांवर साधारणपणे दोन पद्धती चालतात, उक्ते काम आणि तासावारी काम.

उक्त्या कामात मालक ठरलेली रक्कम आधीच संकेतस्थळाकडे ठेवतो. ही रक्कम ना मालकाच्या हातात असते, ना कामगाराच्या. काम पसंत पडले की ती सुटते. अपवर्कवर कामगाराने काम सादर केल्यावर मालकाने १४ दिवसांत काहीच कळवले नाही, तर पैसे आपोआप कामगाराला मिळतात. मोठे काम असेल तर त्याचे टप्पे पाडावेत आणि टप्प्याटप्प्याने रक्कम ठेवावी. यात दोघांचीही सोय आहे. मालकाचे सगळे पैसे अडकत नाहीत आणि कामगाराची सगळी मेहनत पणाला लागत नाही.

तासावारी पद्धतीत कामगाराच्या संगणकावर एक मोजणारी व्यवस्था चालू असते. दर १० मिनिटांच्या तुकड्यात एकदा पडद्याचे छायाचित्र घेतले जाते आणि ते मालकाला पाहता येते. त्या दोन ग्रीक मित्रांनी शोधलेला उपाय तो हाच. याने मालकाची खात्री पटते हे खरे. पण पाठीवर सतत कोणाची तरी नजर ठेवून बसलेल्या माणसाला कसे वाटत असेल, याचाही विचार व्हावा. ज्या कामगाराचे काम आपण तीन महिने पाहिले आहे, त्याची छायाचित्रे रोज उलगडून पाहणारा मालक स्वतःचाच वेळ घालवतो.

आणि नाका म्हटला की दलाली आलीच. फायव्हर कामगाराच्या रकमेतून २० टक्के घेते. म्हणजे १०० डॉलरचे काम केले की कामगाराला ८० मिळतात. काम घेणाऱ्याकडूनही ते वेगळी फी घेतात. पुढे पैसे आपल्या देशात आणताना चलन बदलण्यात आणखी थोडे जातात. दर ठरवताना ‘मी शंभर दिले’ एवढेच मालकाच्या लक्षात राहते. ‘त्याला किती पोचले?’ हा प्रश्न फारच थोडे मालक विचारतात.

‘हो’ म्हणजे प्रत्येक वेळी ‘हो’ नव्हे

दुकानवाली आता शहाणी झाली. दहा छायाचित्रांची परीक्षा घेऊन तिने सेबूची एक मुलगी निवडली. काम चांगले होते, बोलणे गोड होते. मग एके दिवशी तिने हिशेबाचे नवे काम सांगितले. मुलीने उत्तर दिले, ‘येस मॅम.’ आठवडा गेला, काम आले नाही. विचारले तर पुन्हा ‘येस मॅम.’ मग दोन दिवस उत्तरच नाही. दुकानवाली संतापली. तिला वाटले, ही फसवते आहे.

फिलिपिनो भाषेत ‘हिया’ असा एक शब्द आहे. लाज, संकोच, चारचौघांत मान खाली जाण्याची भीती, हे सारे त्या एका शब्दात येते. ‘मला हे समजले नाही’ असे मालकिणीला सांगणे तेथे उद्धटपणाचे वाटते. न जमणारे काम सांगितले की माणूस नकार देत नाही, गप्प होतो. हे वाचून आपण हसू नये. वर्गात गुरुजींनी ‘समजले का?’ विचारल्यावर न समजताही सर्वांबरोबर ‘हो’ म्हणणारे आपणच होतो ना? पहिल्या पिढीत शिकलेल्या कितीतरी मुला-मुलींना कचेरीत पहिली दोन वर्षे ‘साहेब, पुन्हा सांगता का?’ एवढे एक वाक्य बोलता येत नाही. प्रश्न विचारला तर आपली लायकी काढतील ही भीती ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना सेबूच्या त्या मुलीचे गप्प बसणे समजावून सांगण्याची गरज नाही.

यावर उपाय सोपा आहे. ‘समजले का?’ असे विचारूच नये. ‘हे काम तू कसे करशील ते मला तुझ्या शब्दांत लिहून पाठव,’ असे म्हणावे. आणि पहिल्याच दिवशी स्पष्ट लिहावे, ‘न समजल्यास विचारणे हा तुझ्या कामाचाच भाग आहे, त्या वेळेचे पैसे मिळतील.’ या एका वाक्याने जे साधते ते दहा रागाच्या पत्रांनी साधत नाही.

वादळाचा आठवडा

समजा, हा सारा प्रकार २०२१ साली घडतो आहे. डिसेंबर महिना आहे. नाताळ तोंडावर आल्यामुळे मेणबत्त्यांच्या धंद्याचा हाच हंगाम आहे. वर्षाची निम्मी विक्री याच महिन्यात व्हायची आहे. ग्राहकांची पत्रे सेबूची मुलगी सांभाळते आहे. १७ डिसेंबरला दुकानवाली संगणक उघडते तर एकाही पत्राला उत्तर गेलेले नाही. मुलीला निरोप पाठवते, उत्तर नाही. दुसरा दिवस जातो, तिसरा जातो. ग्राहक चिडतात, पैसे परत मागतात. ऐन हंगामात हिने दगा दिला! दुकानवाली कंत्राट बंद करायला आणि मुलीच्या नावापुढे वाईट शेरा लिहायला बसते. त्या नाक्यावर शेरा म्हणजे सर्वस्व असते. एक वाईट शेरा लागला की पुढचे काम मिळणे कठीण होते.

आता तिकडे काय झाले होते ते ऐका. १६ डिसेंबर २०२१ रोजी ‘ओडेट’ हे चक्रीवादळ फिलिपाइन्सवर येऊन आदळले. जगात ते ‘राय’ या नावाने ओळखले गेले. सियारगाव, बोहोल, सेबू या बेटांची दाणादाण उडाली. चारशेहून अधिक माणसे मेली. विजेचे खांब उन्मळून पडले, मोबाइलचे मनोरे बंद पडले, पिण्याच्या पाण्यासाठी रांगा लागल्या. कित्येक भागांत वीज यायला आठवडे लागले. ज्या मुलीला दुकानवाली दगाबाज म्हणते आहे, ती त्या वेळी घराचे पत्रे शोधत असेल किंवा म्हाताऱ्या आईला घेऊन कोठे आसऱ्याला बसली असेल.

त्या आठवड्यात जगात किती मालकांनी असा शेरा लिहिला आणि किती जणांनी आधी बातम्या पाहिल्या, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. पण त्या क्षणीच मालकाची खरी परीक्षा होते. गावातला नोकर आला नाही तर आपण त्याच्या घरी पोरगा पाठवून चौकशी करतो. समुद्रापलीकडच्या माणसाची चौकशी करण्यासाठी निदान तो राहतो त्या गावाचे नाव तरी माहीत पाहिजे! ज्याच्या हाती आपण आपले दुकान सोपवले, तो कोठे राहतो, तेथे वीज किती वेळा जाते, अडचणीत कोणत्या दुसऱ्या नंबरवर निरोप द्यायचा, हे पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवावे. त्यात माणुसकी आहे आणि धंद्याचे हितही आहे. तसेच सगळ्या चाव्या एकाच हाती देऊ नयेत. हंगामाच्या काळात कामाची माहिती असलेला दुसरा एक माणूस असावा आणि काम कसे करायचे याची लेखी वही असावी. वादळ सांगून येत नाही.

तेरावा पगार

त्या देशात आणखी एक चाल आहे. फिलिपाइन्समध्ये १९७५ साली अध्यक्षांच्या ८५१ क्रमांकाच्या हुकमाने ‘तेरावा पगार’ सुरू झाला. वर्षभराच्या मूळ पगाराचा बारावा हिस्सा मालकाने २४ डिसेंबरपर्यंत कामगाराला दिलाच पाहिजे. बारावा हिस्सा म्हणजे ८.३३ टक्के. आपल्याकडे किमान बोनसचे प्रमाणही तेवढेच आहे! दिवाळीला बोनस झाला नाही तर आपल्या घरात काय होते ते आपण जाणतो. तेथे नाताळला तेच होते.

हा हुकूम नोकरांसाठी आहे, फ्रीलान्सरला तो लागू होत नाही. म्हणून वर्षभर रोज काम करणाऱ्या मुलीलाही कायद्याने काही मिळत नाही. पण जाणते परदेशी मालक तो स्वखुशीने देतात. दया म्हणून तो देऊ नये. वर्षाच्या सुरुवातीलाच दरात धरून ठेवावा आणि तसे लिहून कळवावे. मालकाच्या मर्जीवर डिसेंबरमध्ये ठरतो तो बक्षिसीचा तुकडा, आधी ठरवून दिला जातो तो हक्काचा पैसा. या दोहोंतला फरक आपल्या समाजाला कोणी शिकवण्याची गरज नाही.

कागदावरचे नाव आणि कामाचे खरे रूप

‘ती माझी नोकर नाही, ती कंत्राटी आहे,’ असे म्हटले की जबाबदारी संपली, असे अनेक मालकांना वाटते. ते तितकेसे खरे नाही. ऑस्ट्रेलियातील कायदेविषयक काम करणाऱ्या एका फर्मसाठी फिलिपाइन्समधील एक महिला घरून काम करीत होती. कागदावर ती ‘स्वतंत्र कंत्राटदार’ होती आणि तिला तासाला १८ ऑस्ट्रेलियन डॉलर मिळत होते. हा दर ऑस्ट्रेलियातील किमान वेतनाहून कमी होता. काम बंद केल्यावर तिने तेथील ‘फेअर वर्क कमिशन’कडे दाद मागितली. कमिशनने २०२४ मध्ये कागदावरच्या नावाआड काय आहे ते तपासले आणि ही महिला कर्मचारीच आहे असा निर्णय दिला. जो वेळा ठरवतो, काम नेमून देतो, फर्मच्याच नावाने पत्रे लिहायला लावतो, त्याने कागदावर काहीही लिहिले तरी कामाचे खरे रूप लपत नाही.

तेव्हा छोट्या मालकाने दोन-तीन कागद नीट करावेत. करार लेखी असावा. त्यात काम, दर, पैसे देण्याची मुदत, आणि काम थांबवायचे तर किती दिवस आधी कळवायचे, हे सर्व असावे. अमेरिकन मालकाने परदेशी कामगाराकडून ‘डब्ल्यू-८बीईएन’ हा फॉर्म घेऊन ठेवावा. हा माणूस परदेशी आहे, एवढे त्यातून सिद्ध होते. आणि केलेल्या कामाची मालकी कोणाची, हेही लिहावे. पैसे दिले म्हणजे चित्र आपले झाले, असे नसते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत नसलेल्या माणसाने केलेल्या कृतीचा हक्क साधारणपणे त्याचाच राहतो. तो लेखी करून दिला तरच दुसऱ्याकडे जातो. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरता हक्क मिळतो. अमेरिकेतील मालकाने नागपूरच्या मुलाकडून दुकानाचे बोधचिन्ह काढून घेतले आणि कागद केला नाही, तर उद्या अडचण त्याचीच आहे.

आपल्या घरातला कामगार, आपल्या घरातला मालक

आता आपल्याकडे वळू. संगणकाचा अभ्यासक्रम केलेली, लेखन, चित्रे, हिशेब जाणणारी मुले-मुली आज आपल्या वस्त्यांमध्येही आहेत. त्यांना या नाक्यावर उभे राहायचे असेल तर ओहायोच्या दुकानवालीचे उदाहरण त्यांच्याही कामाचे आहे. काम नीट समजले नसेल तर विचारा, संकोच करू नका. वीज गेली, आजारपण आले तर दोन ओळींचा निरोप आधी पाठवा. पैसे संकेतस्थळाकडे जमा झाल्याशिवाय उक्ते काम सुरू करू नका. आणि काम देण्यासाठी जो आधी तुमच्याकडून ‘नोंदणी फी’ किंवा ‘अनामत’ मागतो, तो मालक नव्हे, भामटा आहे. खरा मालक पैसे देतो, मागत नाही. परदेशातून आलेल्या रकमेची बँकेची कागदपत्रे जपून ठेवा आणि ते उत्पन्न प्राप्तिकर विवरणात दाखवा.

आणि हो, आपल्या घरातूनच उद्या मालकही निघणार आहेत. आज पुण्यातला एखादा छोटा उद्योजक आपल्या मालाच्या चित्रफितीसाठी बांगलादेशातला किंवा युक्रेनमधला माणूस कामाला घेऊ शकतो. त्याने एवढे ध्यानात ठेवावे की धंद्यासाठी परदेशातून सेवा घेतली तर तिच्यावरचा जीएसटी सेवा घेणाऱ्यालाच भरावा लागतो, आणि परदेशात पैसे पाठवताना कर कापावा लागतो की नाही हे आधी जाणकार सीएला विचारावे.

पण या सर्व नियमांहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. ज्यांचे आजोबा नाक्यावर उभे राहिले, गिरणीच्या फाटकावर बदली कामगार म्हणून दिवस मोजत बसले, त्यांच्या नातवंडांच्या हाती काम देण्याची सत्ता येते आहे. ती कशी वापरायची? दूरचा माणूस दिसत नाही म्हणून त्याला फुकट राबवणे सोपे आहे. त्याला कारण न सांगता काढणे सोपे आहे. त्याच्या घरावरचे पत्रे उडाले तरी आपल्याला ऐकू येत नाही. म्हणूनच त्याच्याशी कसे वागतो, यावरून आपली किंमत ठरते.

ओहायोची ती दुकानवाली शेरा लिहिता लिहिता थांबली असेल असे आपण मानू. तिने बातमी वाचली, निरोप ठेवला, ‘काम राहू दे. तू आणि घरची माणसे सुखरूप आहेत का एवढेच कळव.’ बाराव्या दिवशी कोठूनतरी मोबाइलला थोडी वीज मिळाली आणि उत्तर आले. हंगाम गेला तो गेलाच, पण माणूस राहिला. छोट्या धंद्याला दुसरी पुंजी असते तरी कोणती?